मज्जानलिकेचे जन्मजात दोष : अपराध कोणाचा आणि उपाय कोणता?

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा शिक्षण, वाचन अगर मुलांची शिस्त ह्यांपैकी एखाद्या विषयावर मी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. वीस वर्षे हायस्कुलात मुलींना शास्त्र शिकविणाऱ्या बाईकडून तशी अपेक्षा करणे स्वाभाविकच आहे. परंतु गेल्या वर्षी घडलेला एक प्रसंग मनातून जात नाही. त्या वेळी एका मुलीला जे उत्तर मला नीट देता आले नाही, ते ह्या निमित्ताने द्यावे असे वाटल्यावरून हा विषय घेतला आहे. मी डॉक्टर नाही. जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून पक्के करून घेतले, तेवढेच येथे सोप्या भाषेत मांडीत आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली, तीत बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नसल्याचे दिसून आले. ते मूल हाती लागले नाही. महिन्याभराने मी तिला भेटावयास गेले. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर आई चहा करावयास आत गेल्याचे पाहून ती हळूच म्हणाली, “बाई, ग्रहणाच्या दिवशी मी विळीवर भाजी चिरली होती. सासूबाई म्हणतात, त्यानेच झालं. तुम्ही खरं सांगा, माझंच चुकलं का?”

“नाही गं, तुझं काही चुकलं नाही,” असे मी चटकन म्हटले. तिने लगेच विचारले, “मग कशानं झालं?” ह्या प्रश्नावर मी गप्प बसले. शास्त्र विषयाची पदवी आणि बी.एड.चे प्रशिक्षण गाठीशी असूनही मला उत्तर आले नाही, ह्याची खंत घेऊनच मी घरी आले.

ग्रहणाची ही समजूत एका धर्माची अगर एका जातीची नव्हे. माझी आई पोटुशी असताना माझ्या आजीने ग्रहणाच्या वेळी तिला कात्रीला हात लावू दिला नव्हता, आणि ग्रहण सुटेपर्यंत बिछान्यावर सरळ निजवून ठेवले होते, असे आई सांगत असे. वस्तुतः हजरत पैगंबरांचे लहानगे चिरंजीव इब्राहीम वारले त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले, तेव्हा लोक त्या दोहोंचा संबंध जोडू लागले. त्या वेळी, कोणाच्या मरणाने वा जन्माने सूर्यचंद्रांना ग्रहण लागत नसते, असे पैगंबरांनीच त्यांना बजावले होते. ही हकीगत आमच्या घरी सर्वांना ठाऊक होती, तरीही कात्री लपविली जात असेच. समजुती अशा चिवट असतात. त्यांना हटवावयाचे तर त्यांच्या जागी खरे कारण ठेवावे लागते. ते ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

नलिका कशी बनते?

गर्भ राहिल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात गर्भ तिळाएवढाही नसतो. त्या वेळी त्याच्या पाठीच्या बाजूस पेशींची एक चपटी पट्टी असते. ह्या पट्टीच्या दोन्ही कडा हळूहळू वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळून त्यांची नळी होते. ही मज्जानलिका होय. डॉक्टर हिलाच न्यूरल ट्यूब म्हणतात. पुढे हिच्या वरच्या भागाचा मेंदू होतो व खालच्या भागाचा मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी मज्जेची दोरी.

आपल्या भगिनींना हे करंजीवरून चांगले समजेल. पारी दुमडून आपण कडा मधून दाबावयास सुरुवात केली आणि दोन्ही टोकांकडे सरकत गेलो असे समजा. मज्जानलिकाही साधारण अशीच बंद होते. गर्भधारणेनंतर बाविसाव्या दिवसाच्या सुमारास मानेच्या भागापाशी तिच्या कडा प्रथम जुळतात. डोक्याकडचे टोक पंचविसाव्या दिवसाच्या आसपास मिटते आणि खालचे टोक अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. करंजीची कड एखाद्या ठिकाणी जुळली नाही, तर कढईत तेथूनच सारण बाहेर पडते. नलिकेची कड जेथे जुळावयाची राहते, तेथेच दोष उत्पन्न होतो.

वरचे टोक उघडे राहिले तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी तयारच होत नाही. ह्यास अनेन्सेफली म्हणतात. असे मूल मृत जन्मते, अगर काही तासांत वा दिवसांत जाते. ह्यावर इलाज नाही. खालच्या बाजूस नलिका उघडी राहिली तर तेथील मणकेही मागच्या बाजूने जुळत नाहीत, आणि पाठीवर पाण्याच्या फुग्यासारखी गाठ दिसते अगर उघडी जखम असते. ह्यास स्पायना बायफिडा म्हणतात. अशी मुले पुष्कळदा जगतात. परंतु दोष जितका वरच्या मणक्यांत तितकी पायांतील शक्ती कमी असते. लघवी व शौच ह्यांवर ताबा राहत नाही, आणि अनेकांच्या डोक्यात पाणी साठते. तिसऱ्या प्रकारात कवटीला फट राहून तीतून मेंदूचा भाग पिशवीसारखा बाहेर येतो. त्यास एन्सेफॅलोसील हे नाव आहे.

आता दिवसांचा हिशेब करून पाहावा. गर्भ राहिल्यापासून साधारण चौदा दिवसांनी पाळी यावयाची असते, ती चुकते. ‘आठ-दहा दिवस वाट पाहू’ असे म्हणण्यातच पुढील आठवडा दीड आठवडा जातो. म्हणजे स्त्रीला गर्भ राहिल्याची खात्री पटते, ती डॉक्टरांकडे जाते, तोवर अठ्ठावीस दिवस बहुधा उलटून गेलेले असतात. नलिका मिटावयाची असेल तर मिटलेली असते, राहावयाची असेल तर राहिलेली असते. माझ्या विद्यार्थिनीने विळी हाती घेतली तेव्हा तिला चौथा महिना लागला होता. त्या दिवशी तिने भाजी चिरली काय अगर न चिरली काय, जे व्हावयाचे ते कित्येक आठवड्यांपूर्वीच होऊन गेले होते. शिवाय एका ग्रहणाखाली लाखो गर्भवती असतात, आणि त्यांतील बहुतेकींची मुले धडधाकट जन्मतात, हेही विसरून चालणार नाही.

कोठे किती?

ह्या दोषाचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही, आणि त्याच्या कारणांचा शोध ह्याच फरकातून लागत गेला. जगभरात दरवर्षी सुमारे ३ लाख मुले असे दोष घेऊन जन्मतात, असा अंदाज आहे. आपल्या देशातील अनेक पाहण्या एकत्र करून काढलेले प्रमाण दर हजार जन्मांमागे ४ ते ४.५ असे येते. ह्यांतील बऱ्याच पाहण्या मोठ्या रुग्णालयांतील आहेत, आणि तेथे अवघड बाळंतपणे अधिक येतात, हे ध्यानात ठेवावयास हवे. परंतु उत्तर प्रदेशातील बलरामपूर जिल्ह्यात घरोघर जाऊन केलेल्या एका पाहणीत (ती २००५ साली प्रसिद्ध झाली) हे प्रमाण हजारी ६.५७ ते ८.२१ इतके आढळले. तेव्हा रुग्णालयाबाहेर दोष कमीच असेल असेही म्हणता येत नाही. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक मुले जन्मतात. हजारी ४ हे प्रमाण धरले तरी असे दोष ८० हजारांहून अधिक घरांत दुःख घेऊन येतात, असा हिशेब निघतो.

पूर्वी आयर्लंड व वेल्स हे भाग ह्या दोषासाठी कुप्रसिद्ध होते. चीनच्या उत्तर भागात हे प्रमाण दक्षिण भागाच्या कित्येक पट होते. ब्रिटनमध्ये श्रीमंतांपेक्षा मजुरांच्या घरांत हा दोष अधिक दिसे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. ऐन उपासमारीच्या दिवसांत ज्या मुलांचा गर्भ राहिला, त्यांच्यांत मज्जासंस्थेचे जन्मजात दोष अधिक आढळले. हा पोटाच्या अन्नाकडे बोट दाखविणारा पुरावा होता.

परंतु दुसराही एक पुरावा पाहावा. अमेरिकेतील बोस्टन शहरात पिढ्यानुपिढ्या स्थायिक झालेल्या आयरिश कुटुंबांत हे प्रमाण मूळ आयर्लंडमधल्यापेक्षा कमी होते. मात्र त्याच शहरातील ज्यू कुटुंबांपेक्षा ते जास्तच राहिले. गाव बदलले, अन्नपाणी बदलले, तेव्हा काही धोका मागे राहिला. परंतु काही धोका रक्ताबरोबर आला. आपल्यासारख्या, मूळ गाव सोडून परप्रांती पिढ्या काढलेल्या लोकांना हे सहज पटावे. तात्पर्य, ह्या दोषाचे कारण केवळ रक्तात नाही आणि केवळ ताटातही नाही. दोन्ही मिळून ते घडते.

कारणे अनेक

पहिले कारण म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड ह्या जीवनसत्त्वाची कमतरता. पेशींची झपाट्याने वाढ व विभागणी होण्यास हे जीवनसत्त्व लागते, आणि नलिकेच्या कडा जुळण्याच्या वेळी हीच घाई चालू असते. त्याच्याच जोडीचे बी-१२ हे दुसरे जीवनसत्त्व. आयर्लंडमधील संशोधनात, ज्या मातांच्या रक्तात बी-१२ फार कमी होते त्यांच्या बाळांत हा दोष अधिक आढळला. आपल्याकडे ह्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. कारण बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसतेच, ते दूध, अंडी, मासे, मांस ह्यांतून मिळते. पुण्याजवळील खेड्यांतील गर्भवती स्त्रियांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक जणींत ते कमी आढळले होते.

दुसरे कारण आनुवंशिक. फॉलिक अ‍ॅसिड शरीराच्या कामी लावणारे एक विकर असते. काही माणसांत ते जन्मतःच मंद असते. आई-बाप दोघांकडून हा मंदपणा आला, तर धोका सुमारे दीड ते दोन पट होतो. एका मुलात असा दोष झाल्यास पुढच्या खेपेस तो होण्याचा संभव शेकडा २ ते ५ असतो. हा संभव इतरांच्या मानाने पुष्कळ अधिक खरा. पण उलट बाजूने पाहिले तर शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक वेळा पुढचे मूल ह्या दोषापासून मुक्त असते. नात्यातील लग्नांविषयी लोक नेहमी विचारतात. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या बाजूस अनेक जातींत आहे, आणि आम्हा मुसलमानांत चुलत-मावस भावंडांची लग्ने होतात. काही पाहण्यांत अशा लग्नांतून हा दोष अधिक दिसला, काहींत दिसला नाही. म्हणून घरात असे मूल झाले की लागलीच नात्यातील लग्नाला जबाबदार धरणे योग्य नव्हे. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा हे उत्तम.

तिसरे कारण आईचे काही आजार. गर्भ राहतेवेळी मधुमेह असेल व रक्तातील साखर ताब्यात नसेल, तर धोका कित्येक पट वाढतो. फार स्थूलपणानेही तो वाढतो. पहिल्या महिन्यात आलेला कडक ताप हाही थोडाफार भर घालतो.

चौथे कारण औषधे. फिट येऊ नयेत म्हणून देतात त्यांपैकी व्हॅल्प्रोएट ह्या औषधाचा संबंध १९८२ साली फ्रान्समध्ये प्रथम ध्यानात आला. हे औषध घेणाऱ्या शंभर गर्भवतींपैकी एकदोघींच्या बाळांना स्पायना बायफिडा होतो. येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. हे वाचून कोणीही फिटची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. अचानक गोळी थांबवल्याने जिवावर बेतू शकते. मूल व्हावे असे मनात येताच डॉक्टरांना भेटावे, म्हणजे ते दुसरे औषध अगर योग्य मात्रा ठरवितात.

काही कारणे पुढे आली आणि खोटीही ठरली. १९७२ साली रेनविक नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने असे मांडले की, करपा पडलेले बटाटे खाण्याने हा दोष होतो. आयर्लंडमध्ये बटाटे फार खातात आणि दोषही फार, तेव्हा ही गोष्ट पुष्कळांना पटली. कित्येक स्त्रियांनी बटाटे वर्ज्य केले. परंतु बेलफास्ट येथे बटाटे न खाणाऱ्या स्त्रियांची नोंद ठेवली, तेव्हा त्यांच्याही मुलांत दोष आढळला, आणि ती कल्पना मागे पडली. शास्त्रज्ञांचीही चूक होते. पण ती तपासून पाहण्याची व सोडून देण्याची तेथे रीत आहे. बटाट्याची समजूत काही वर्षांत गेली, ग्रहणाची अजून आहे, ह्याचे कारण एवढेच की ग्रहणाची परीक्षा आपण कधी घेतलीच नाही.

मुंबईत सुरू झालेली हकीगत

फॉलिक अ‍ॅसिडच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईत झाली, हे वाचून वाचकांस नवल वाटेल. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईस आल्या. गरीब गर्भवती स्त्रियांत एक प्रकारचा जीवघेणा पंडुरोग दिसे, त्याचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. हाफकिन इन्स्टिट्यूट हे त्यांच्या कामाचे मुख्य ठिकाण होते. त्यांनी निरनिराळ्या स्थितीतील स्त्रियांच्या आहाराची माहिती काढली. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट आणि ज्यांना हा रोग सर्वांत अधिक, त्या गरीब मुसलमान स्त्रिया होत्या. हे वाचताना त्या काळच्या चाळींतील, पडद्यामागे बसलेल्या आया-बहिणी माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या आजारातून निघालेले ज्ञान पुढे साऱ्या जगाच्या कामी आले.

यीस्टचा अर्क म्हणजे मार्माइट दिल्याने हा पंडुरोग बरा होतो, असे विल्सबाईंनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते हे मात्र तेव्हा कळले नव्हते. १९४१ साली अमेरिकेत टेक्सास येथील शास्त्रज्ञांनी ४ टन पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे केले; लॅटिन भाषेत पानास ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव फॉलिक अ‍ॅसिड पडले. पुढे १९४५ च्या सुमारास हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार करण्यात आले, ते न्यूयॉर्कजवळील लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत. आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

पंडुरोगावरील ह्या औषधाचा आणि मज्जानलिकेचा संबंध ध्यानात यावयास आणखी वीस वर्षे लागली. १९६५ साली लिव्हरपूल येथील हिबर्ड व स्मिथेल्स ह्यांनी असे दाखविले की, सदोष मुले झालेल्या मातांच्या शरीरात फॉलिक अ‍ॅसिडचा व्यवहार बिघडलेला असल्याचे अधिक वेळा आढळते. तरीही हा केवळ योगायोग नाही कशावरून, असा प्रश्न उरलाच. त्यासाठी १९८३ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने सात देशांतील ३३ केंद्रांत मोठा प्रयोग सुरू केला. ज्यांना पूर्वी असे एक मूल झाले होते अशाच स्त्रिया त्यात घेतल्या. साधारण निम्म्या जणींना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिले, बाकीच्यांना दिले नाही. कोणाला काय दिले जाते हे त्या स्त्रियांनाही ठाऊक नव्हते. पुढे ११९५ गर्भारपणांचा निकाल हाती आला, तेव्हा २७ बाळांत हा दोष आढळला होता. त्यांतील २१ बाळे ज्यांना औषध दिले नव्हते त्यांची होती, आणि ६ औषध घेणाऱ्यांची. फरक इतका उघड दिसला की १९९१ साली प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. इतर स्त्रियांना औषधाविना ठेवणे न्यायाचे राहिले नव्हते.

नंतर १९९३ ते १९९५ ह्या काळात चीनमध्ये सुमारे अडीच लाख स्त्रियांची नोंद ठेवण्यात आली. रोज अवघे ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या निम्म्याहूनही कमी फॉलिक अ‍ॅसिड ज्यांनी गर्भ राहण्यापूर्वीपासून घेतले, त्यांच्यांत उत्तर चीनमध्ये हजारी ४.८ वरून प्रमाण १ वर आले. दक्षिण चीनमध्ये ते मुळातच हजारी १ होते, ते ०.६ झाले.

ह्या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहावे. दोन्हीकडे प्रमाण खाली आले, पण शून्य कोठेच झाले नाही. फॉलिक अ‍ॅसिडने जे टळण्यासारखे होते ते टळले. बाकीचे दुसऱ्या कारणांनी घडणारे होते, ते उरले. म्हणूनच मला येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. गोळी नियमित घेऊनही एखादीच्या पदरी असे दुःख येऊ शकते. तेव्हा, पूर्वी ग्रहणावरून सुनेस बोल लावीत होतो, आता “गोळी घेतली नसशील” म्हणून लावू, असे होता कामा नये. ज्ञान आले आणि ठपका तसाच राहिला, तर ते ज्ञान काय कामाचे?

करावयाचे काय?

पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग, राजमा, शेंगदाणे, संत्री ह्यांत फॉलिक अ‍ॅसिड असते. पण ते पाण्यात विरघळते व उष्णतेने नाश पावते. भाजी फार वेळ उकळून तिचे पाणी फेकून दिले की ते जीवनसत्त्वही मोरीत जाते. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकून शिजवावी. तथापि केवळ आहारातून पुरेशी मात्रा मिळण्याची खात्री नसते, म्हणून गोळी हवीच.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की, मूल व्हावे असे वाटू लागल्यापासून गर्भारपणाचे बारा आठवडे पुरे होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे. वर दिलेला अठ्ठावीस दिवसांचा हिशेब ज्यांनी वाचला, त्यांस ‘वाटू लागल्यापासून’ ह्या शब्दांचे मर्म कळेल. दिवस गेल्यावर सुरू केलेली गोळी आईच्या रक्तास उपयोगी पडते, पण नलिकेसाठी ती बहुधा उशिरा पोचते. शिवाय कित्येक गर्भ ठरवून राहत नाहीत. तेव्हा लग्न ठरले की गोळीविषयी विचारावे, हे सर्वांत सोयीचे. एका दिवसाच्या गोळीस चहाच्या कपाएवढाही खर्च येत नाही. पूर्वी असे मूल झाले असेल, मधुमेह असेल अगर फिटचे औषध चालू असेल, तर मात्रा पुष्कळ मोठी लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावयाची. बी-१२ ची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी. कारण नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने बी-१२ ची उणीव झाकली जाण्याचा संभव असतो.

ज्या देशांनी ही गोष्ट एकेका स्त्रीवर न सोपविता पिठातच फॉलिक अ‍ॅसिड घालण्याचे ठरविले, त्यांस मोठे यश आले. अमेरिका व कॅनडा ह्यांनी हे १९९८ साली सक्तीचे केले. त्यानंतर कॅनडात हे प्रमाण हजारी १.५८ वरून ०.८६ वर आले. आपल्याकडे लोह, फॉलिक अ‍ॅसिड व बी-१२ घातलेला तांदूळ रेशन व शाळेच्या जेवणातून देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. परंतु सरकारी तांदळाच्या भरवशावर गोळी टाळणे शहाणपणाचे नव्हे.

दोष झालाच तर अनेन्सेफली साधारण तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस आणि स्पायना बायफिडा बहुधा अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत कळतो. म्हणून ती तपासणी वेळेवर करावी. पुढे काय करावयाचे, हे नवराबायकोने डॉक्टरांशी बोलून ठरवावे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यात पडू नये. स्पायना बायफिडा असलेले मूल जन्मले, तर पाठीवरील शस्त्रक्रिया दोनतीन दिवसांतच करावी लागते. म्हणून बाळंतपण तशी सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावे. ह्यांतील पुष्कळ मुलांची बुद्धी चांगली असते. शाळेत त्यांना उतार आणि सोयीचे स्वच्छतागृह मिळाले, तर ती इतरांसारखीच शिकतात. हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

माझ्या विद्यार्थिनीकडे मी नंतर पुन्हा गेले. सासूबाईही त्या वेळी आल्या होत्या. एक करंजीएवढी पारी कागदाची करून मी दोघींना नलिका मिटते कशी ते दाखविले आणि दिवसांचा हिशेब मांडला. सासूबाई बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझंही एक असंच गेलं होतं, बाई. पंचेचाळीस वर्षं झाली. मलाही माझ्या सासूनं हेच सांगितलं होतं.” त्या बिचाऱ्या बाईने इतकी वर्षे स्वतःलाच दोषी धरले होते, आणि तोच बोजा ती आता सुनेच्या डोक्यावर ठेवीत होती. दुसरे उत्तर तिला कोणी दिलेच नव्हते.

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत शिष्यवृत्त्या दिल्या, वसतिगृह चालविले, अडल्यानडल्यांचे संसार उभे केले. माझी नम्र सूचना एवढीच आहे. ट्रस्टचे वधूवर मेळावे, सामुदायिक विवाह व महिला मंडळाच्या सभा ह्यांत एखाद्या डॉक्टरीणबाईंना अर्ध्या तासासाठी बोलवावे, आणि लग्नाच्या आहेराबरोबर प्रत्येक जोडप्यास फॉलिक अ‍ॅसिडविषयीची माहिती एका कागदावर छापून द्यावी. खर्च थोडा आहे. ज्या घरात ह्यामुळे एक बाळ धड जन्मेल, त्या घराला हे कधी कळणारही नाही, पण ज्या घरात दुःख येईल तेथे निदान “माझंच चुकलं का?” हा प्रश्न कोणा मुलीला दबक्या आवाजात विचारावा लागणार नाही.